टायमिंग बेल्ट बदलताना दोन्ही कॅमशाफ्ट जागेवर राखणे : पद्धत, खुणा आणि शंका

उद्यमनगर_मेस्त्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे गॅरेज आहे आणि पेट्रोल-डिझेल दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे इंजिनकाम आम्ही करतो. दुसरीकडे टायमिंग बेल्ट (पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट यांना जोडणारा दातेरी पट्टा) बदलून झालेल्या गाड्या अलीकडे आमच्याकडे वारंवार येऊ लागल्या आहेत. बेल्ट नवा असतो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवा असतो, बिलही व्यवस्थित असते. पण गाडी गगनबावड्याच्या चढाला ओढत नाही, उभी असताना थरथरते किंवा चेक इंजिनचा दिवा विझत नाही. वरचे कव्हर काढले की पुल्यांवर व्हाइटनरच्या, पिवळ्या रंगाच्या आणि पंचाने ठोकलेल्या खुणांची गर्दी दिसते. त्यांतली कंपनीची कोणती आणि आधीच्या हातांची कोणती, हे सांगायला तिथे कोणीच नसते.

माझे म्हणणे आधीच मांडतो. बेल्टला हात लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवले पाहिजे : या इंजिनात कॅमची दातेरी पुली शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने) किंवा डॉवेलने (जागा पक्की करणाऱ्या छोट्या पिनेने) बसवलेली आहे, की ती केवळ बोल्टच्या आवळणीवर धरून आहे? पुढची सगळी पद्धत या उत्तरावर ठरते. माझ्या पाहण्यात जी इंजिने बिघडली, त्यांतली बहुतेक एका प्रकारच्या इंजिनाला दुसऱ्या प्रकारची पद्धत लावल्यामुळे बिघडली.

मूळ गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. बेल्ट चढलेला असेपर्यंत क्रँक आणि दोन्ही कॅम एकमेकांना बांधलेले असतात. तो उतरला की तिघेही मोकळे होतात. क्रँक सहसा आपल्या जागी राहतो, पण कॅमवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर असतो. एखाद्या कॅमचे नाक (व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा) त्या वेळी व्हॉल्व्ह अर्धवट दाबून उभे असेल, तर बेल्ट सुटताक्षणी स्प्रिंग त्या कॅमला झटक्याने पुढे किंवा मागे फिरवते. दोन कॅमच्या इंजिनात अनेकदा एक कॅम शांत उभा राहतो आणि दुसरा उडी मारतो. म्हणूनच बेल्ट काढण्याआधी कॅम धरून ठेवावा लागतो.

चूक किती महाग पडते याचा साधा हिशेब पाहा. कॅमच्या पुलीला ४० दाते असतील, तर एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. पुलीला ४८ दाते असतील, तर कॅमचे साडेसात अंश आणि क्रँकचे १५ अंश. एक दाता चुकला तरी पेट्रोल गाडी बहुधा सुरू होते, आणि त्यामुळेच ती गॅरेजबाहेर पडते. डिझेलमध्ये तेवढी सवलत नसते. तिथे व्हॉल्व्ह सिलिंडरला जवळजवळ समांतर असतात, आणि पिस्टन टॉपला, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागी, आला की त्याच्या आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) मध्ये नावापुरतीच फट उरते. चुकीच्या वेळी उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतो आणि वाकतो.

आता पद्धत सांगतो.

इंजिन पूर्ण थंड असावे. ते क्रँकच्या बोल्टवर गोटी पाना लावून, त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवावे. कॅमच्या बोल्टवर पाना लावून इंजिन कधीही फिरवू नये. स्पार्क प्लग काढून ठेवले तर कॉम्प्रेशनचा विरोध राहत नाही, हात हलका चालतो आणि खुणेवर नेमके थांबता येते. खूण ओलांडून पुढे गेलात, तर थोडे उलटे फिरवून जुळवण्यापेक्षा आणखी दोन फेरे देऊन पुन्हा त्याच दिशेने खुणेवर यावे, कारण उलटे फिरवल्याने सैल बाजू ताणाच्या बाजूला जाते आणि खुणा खोटे बोलू लागतात.

चावीच्या इंजिनात, म्हणजे जुनी मारुती ८००, झेन किंवा एस्टीम अशा गाड्यांत, काम तुलनेने सरळ आहे. कॅमच्या पुलीवरची खूण वरच्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेसमोर आणि क्रँकच्या पुलीवरचा ठिपका ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आणला, की पुली आणि शाफ्ट यांचे नाते पक्के असल्यामुळे खूण जुळली म्हणजे शाफ्टही जुळला.

चावी नसलेल्या इंजिनांचे तसे नाही. २००५ साली आलेल्या फोर्ड फिएस्टाचे १.६ ड्युराटेक पेट्रोल इंजिन हे याचे आपल्याकडे सहज आढळणारे उदाहरण आहे. एकच बेल्ट तिथे दोन्ही कॅम फिरवतो, आणि दोन्ही पुल्या निव्वळ आवळणीवर धरलेल्या असतात. खाली क्रँकवरची दातेरी पुलीही तशीच; पुढचा मोठा बोल्ट सैल केला की तीसुद्धा क्रँकवर मोकळी होते. अशा इंजिनात पुलीवर रंगाची खूण करून तुम्ही फक्त पुलीची जागा लक्षात ठेवता, शाफ्टची नाही. शाफ्टची जागा शाफ्टवरच पाहावी लागते. त्यासाठी व्हॉल्व्ह कव्हर काढावे. दोन्ही कॅमच्या मागच्या टोकांना खाचा दिसतात. त्या एका रेषेत आणून दोन्हींमध्ये मिळून एकच सपाट पट्टी सरकवायची. खाच मध्यापासून किंचित सरकलेली असते, म्हणून कॅम अर्धा फेरा चुकलेला असेल तर पट्टी हेडवर सपाट बसत नाही, आणि चूक तिथेच उघड होते. क्रँकसाठी ब्लॉकवरचा एक प्लग काढून तिथे टायमिंग पिन आवळायची आणि क्रँक हळूच तिच्यावर टेकवायचा.

या पिनेबद्दल एक इशारा देतो. क्रँक तिच्यावर एकाच बाजूने टेकतो. ती त्याला उलट दिशेने फिरण्यापासून अडवत नाही. हात लागून क्रँक थोडा मागे गेला आणि लक्षात आले नाही, तर पट्टी बसलेली, पिन बसलेली, तरी टायमिंग चुकलेले, असे होते. बेल्ट चढवण्याच्या क्षणी क्रँक पिनेला टेकलेलाच आहे, ही खात्री पुन्हा एकदा करावी.

दुसरा इशारा त्याहून महत्त्वाचा आहे. पट्टी आणि पिन जागा दाखवण्यासाठी असतात, बोल्ट उघडताना किंवा आवळताना त्यांनी जोर सोसावा यासाठी नाही. पट्टीच्या भरवशावर कॅमचा बोल्ट आवळला की खाचेची कड तुटते किंवा शाफ्टलाच पीळ बसतो. पुली दोन पायांच्या हत्याराने स्वतंत्रपणे धरावी. कॅमवर पान्यासाठी षटकोनी भाग दिलेला असेल तर तिथे धरावे. क्रँकचा बोल्ट सोडवताना टॉमी (पान्याचा लांब दांडा) अडकवून स्टार्टर मारण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती तर कोणीही वापरू नये.

बेल्ट चढवताना क्रँकपासून सुरुवात करावी आणि ताणाच्या बाजूने वर जावे. क्रँक बेल्टला आपल्याकडे खेचतो ती ताणाची बाजू, आणि क्रँकवरून बेल्ट बाहेर जातो ती सैल बाजू; टेन्शनर सैल बाजूलाच असतो. क्रँकपासून पहिल्या कॅमपर्यंत आणि पहिल्या कॅमपासून दुसऱ्या कॅमपर्यंतच्या पट्ट्यात अजिबात झोळ राहू नये. उरलेला सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला आणावा. दोन कॅमच्या मधला छोटा पट्टा लोक गृहीत धरतात. तिथे अर्ध्या दात्याचा झोळ राहिला, तर टेन्शनर ताणला गेल्यावर दुसरा कॅम तेवढा मागे पडतो.

शेवटी पट्टी, पिन अशी कुलपाची सर्व हत्यारे काढून, हाताने, क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यावेत. फिरवताना कुठे कडक अडथळा लागला, तर जोर न लावता थांबावे, कारण तो अडथळा पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असू शकतो. दोन फेऱ्यांनंतर पट्टी आणि पिन पुन्हा सहज बसली पाहिजे. हातोडीने बसणारी पट्टी म्हणजे न बसलेली पट्टी.

शंका असल्यास अवश्य विचाराव्यात.

शाहूपुरी_सारथी

दादा, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी मेकॅनिक नाही. नोकरी सांभाळून स्वतःच्या गाडीचे काम जमेल तेवढे घरी करतो. माझ्याकडे सुरुवातीच्या काळातली व्हर्ना १.६ पेट्रोल आहे. दोन कॅम आहेत, पण पुढून पाहिले तर बेल्टवर एकच कॅमची पुली दिसते. मग दुसऱ्या कॅमची काळजी करायची की नाही?

आणखी एक शंका. मी सरावासाठी जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर पांढऱ्या खुणा केल्या आणि हाताने दोन फेरे दिले. पुलीच्या खुणा जागेवर आल्या, पण बेल्टवरच्या खुणा भलतीकडेच गेल्या. म्हणजे बेल्ट दाता सोडतो आहे का?

उद्यमनगर_मेस्त्री

आधी दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो, कारण या एका गैरसमजामुळे नीट बसवलेले बेल्ट पुन्हा काढले जातात. तुमचा बेल्ट दाता सोडत नाही. दोन फेऱ्यांत क्रँकच्या पुलीवरून जेवढे दाते जातात, त्यापेक्षा बेल्टचे एकूण दाते बरेच जास्त असतात, म्हणून बेल्ट त्या वेळात स्वतःचा पूर्ण फेरा करत नाही. क्रँकच्या पुलीला २० दाते धरले, तर दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दाते पुढे सरकतो. बेल्टला शंभराहून जास्त दाते असतील तर त्यावरची खूण परत त्याच जागी यायला कितीतरी फेरे लागतील. बेल्टवरच्या खुणा फक्त चढवतानाच्या क्षणापुरत्या उपयोगी आहेत. फेरे दिल्यानंतर पाहायचे ते पुल्या आणि शाफ्ट.

आता तुमची व्हर्ना. २००६ साली आलेल्या त्या गाडीच्या पेट्रोल इंजिनात बेल्ट एक्झॉस्ट कॅमला फिरवतो, आणि एक्झॉस्ट कॅम इनटेक कॅमला व्हॉल्व्ह कव्हरखालच्या छोट्या साखळीने फिरवतो. बेल्टच्या कामात त्या साखळीला हात लागत नाही, त्यामुळे दोन्ही कॅमचे आपसातले नाते अबाधित राहते आणि तुम्हाला एकाच पुलीची खूण सांभाळायची असते. परंतु ऑइल सीलसाठी किंवा हेडच्या कामासाठी कॅम बाहेर काढले असतील, तर मग साखळीच्या खुणाही जुळवाव्या लागतात. त्या आधीच चुकलेल्या असतील, तर बेल्ट कितीही अचूक बसवला तरी गाडी नीट चालणार नाही.

घरी काम करणार असाल तर एक करा : जुना बेल्ट उतरवण्याआधी दोन खुणांच्या मधले दाते मोजून कागदावर लिहून ठेवा, आणि चढवण्यापूर्वी नव्या बेल्टवर तेच दाते मोजून खुणा करा. जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून एकूण दाते, रुंदी आणि दात्याचा आकारही ताडून पाहा. नवा बेल्ट दुमडू नका, उलटा पिळू नका. त्याच्या रबरात काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि त्या एकदा मोडल्या की बाहेरून काहीच दिसत नाही.

टूलरूम_गोकुळशिरगाव

पट्टी आणि पिन यांविषयी माझ्या धंद्याच्या बाजूने थोडे लिहितो. आपल्या भागात लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची सोय पावलोपावली असल्यामुळे बरेच गॅरेजवाले ही हत्यारे इथेच बनवून घेतात, आणि त्यात काहीही वावगे नाही. पण बनवायला देताना काय सांगायचे हे माहीत हवे.

फिएस्टाच्या पट्टीची जाडी साधारण ५ मिलिमीटर असते. बाजारातली ५ मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी कापून आणली तर ती बहुतेकदा चालत नाही, कारण लाटून काढलेल्या पट्टीची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि ती किंचित वाकलेलीही असते. पट्टी सरफेस ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून घ्यावी आणि खाचेत हाताने, झोळ न राहता सरकेल अशी करावी. खाचेत ती डुलत असेल, तर तेवढी चूक तुम्ही मोजमापातच स्वीकारली असे होते. कडा हलक्या मोडून घ्याव्यात, म्हणजे कॅमची खाच खरवडली जात नाही.

पिनेच्या बाबतीत आणखी जपावे लागते. मेस्त्रींनी लिहिले आहे त्याप्रमाणे क्रँक पिनेच्या टोकावर टेकतो, म्हणून पिनेची लांबी हीच टॉपची जागा ठरवते. त्या आट्यांचा कुठलातरी बोल्ट दुकानातून आणून लावला आणि तो थोडा लांब किंवा आखूड निघाला, तर क्रँक दरवेळी त्याच चुकीच्या जागी जाऊन थांबेल, आणि पुन्हा पुन्हा तपासले तरी चूक सापडणार नाही. मूळ पिन हातात असल्याशिवाय तिची नक्कल करू नये.

ड्रिल बिटने पुली अडकवणाऱ्यांनी बिटचा गुळगुळीत दांडा वापरावा. कापणाऱ्या नळ्यांची बाजू भोकात घातली की भोक खराब होते, आणि कडक बिट आडव्या जोराने तुटला तर तुकडा आत अडकतो.

कसबा_बावडा_गॅरेज

या चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. कित्येक वर्षे आम्ही पट्टी नाही, पिन नाही, फक्त व्हाइटनरच्या खुणांवर बेल्ट बदलत आलो, आणि इंजिने आजही रस्त्यावर आहेत. प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून एक नंबर पिस्टन टॉपला आला की नाही हे हाताला कळते. ग्राहक पेठेतला असो वा खेड्यातला, त्याला कमी वेळात आणि कमी खर्चात गाडी हवी असते. प्रत्येक कामाला व्हॉल्व्ह कव्हर उघडायचे म्हटले तर नवे पॅकिंग आले, मजुरी वाढली. खुणा स्वच्छ असतील तर एवढा खटाटोप खरोखर लागतो का?

उद्यमनगर_मेस्त्री

राग कसला? तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो बरोबर असलेला भाग मी मनापासून मान्य करतो. चावीच्या पुल्या, एकच कॅम आणि पुलीचा बोल्ट न हलवता फक्त बेल्ट बदलायचा, अशा कामात स्वच्छ खुणा आणि मोजलेले दाते पुरेसे असतात. तिथे व्हॉल्व्ह कव्हर उघडायला मीही सांगणार नाही.

मात्र चावी नसलेल्या इंजिनात तीच सवय नेली की घात होतो. आधीच्या कोणीतरी सील बदलताना पुली सैल केली असेल आणि थोडी फिरून बसली असेल, तर तुम्ही तुमच्या खुणांनी ती चूक जशीच्या तशी जपून ठेवता. ग्राहकाची तक्रार कायम राहते आणि नव्या बेल्टचे पैसे वर जातात.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचे कारण आकड्यांत सांगतो. टॉपच्या आसपास पिस्टन जवळजवळ हलतच नाही. ८० मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या खाली-वर चालीच्या) इंजिनात क्रँक टॉपपासून ५ अंश फिरला, तर पिस्टन जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली येतो. स्क्रू ड्रायव्हर धरलेल्या हाताला तेवढा फरक कळत नाही. पिन नसेल, तर प्लगच्या भोकातून डायल गेज (बारीक अंतर काट्यावर दाखवणारे मापक) लावावे, टॉपच्या अलीकडे ठराविक खोलीवर क्रँकची जागा खुणेने टिपावी, पलीकडे तेवढ्याच खोलीवर दुसरी खूण करावी, आणि त्या दोन खुणांचा बरोबर मध्य हा टॉप धरावा. पिस्टन त्या दोन ठिकाणी वेगाने सरकत असल्यामुळे गेजचा काटा स्पष्ट बोलतो. वेळ थोडा जास्त जातो, पण ही मोजणी भरवशाची आहे.

खर्चाचे म्हणाल तर ग्राहकाला आधी सांगावे. व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग आणि वाकलेल्या व्हॉल्व्हांसाठी उतरवलेले हेड यांच्या खर्चातला फरक सांगितला, की नाही म्हणणारे ग्राहक मला फार कमी भेटले.

कसबा_बावडा_गॅरेज

मुद्दा पटला. दोन बाजूंनी मोजून मध्य काढण्याची पद्धत आम्ही वापरून पाहू. एक जोड द्यावीशी वाटते : चावी नसलेल्या इंजिनात बेल्ट चढवताना कॅमच्या पुल्या सैल ठेवायच्या की आवळून, यावर आमच्याकडे दोन मते आहेत.

उद्यमनगर_मेस्त्री

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. फिएस्टाच्या त्या इंजिनात कॅम पट्टीत अडकवून, दोन्ही पुल्यांचे बोल्ट पुली हाताने फिरेल इतपत सैल ठेवायचे असतात. कारण असे : टेन्शनर बेल्ट ताणू लागला की बेल्ट पुल्यांना किंचित ओढतो. पुली शाफ्टवर घट्ट असेल आणि शाफ्ट पट्टीत अडकलेला असेल, तर तो ओढा कुठेच मोकळा होत नाही. एक भाग जास्त ताणला जातो, दुसरा सैल राहतो, आणि पट्टी काढताच कॅम थोडा सरकून तो ताण वाटून घेतो. पुली मोकळी असेल तर ती शाफ्टला धक्का न लावता बेल्टसोबत फिरून बसते, सगळ्या भागांत ताण सारखा होतो, आणि मग पुली हत्याराने धरून बोल्ट आवळायचा.

मात्र ही कृती व्हेरिएबल टायमिंगच्या (चालू असतानाच कॅमची वेळ बदलणाऱ्या) इंजिनांना तशीच लावू नये. तिथे पुलीच्या आत तेलाच्या दाबावर फिरणारी यंत्रणा असते आणि ती आपल्या विश्रांतीच्या जागी, आतल्या कुलपात बसलेली असावी लागते. तिच्यासाठी त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधली हत्यारे आणि क्रमच वापरावेत.

व्हेरिएबल टायमिंग असो वा नसो, अशा दोन्ही प्रकारच्या फोर्ड इंजिनांत क्रँकचा बोल्ट नवाच घालावा. तो ठरलेल्या टॉर्कवर आवळून पुढे अंशांत फिरवायचा असतो, त्यामुळे तो ताणला जातो. जुना बोल्ट तोच टॉर्क दाखवूनही तितकी पकड देईलच असे नाही. आणि इथे त्या बोल्टच्या पकडीवरच सगळे टायमिंग उभे आहे.

गगनबावडा_रोज

माझी डस्टर डिझेल आहे, गाडी रोज करूळ घाट उतरते आणि चढते. बेल्टची वेळ जवळ आली आहे. डिझेल पंपही याच बेल्टवर आहे असे ऐकले. मेकॅनिककडे गाडी देताना मी कोणत्या गोष्टींची खात्री करून घ्यावी?

उद्यमनगर_मेस्त्री

तुमच्या १.५ डीसीआय इंजिनात एकच कॅम आहे. बेल्ट कॅम, डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि पाण्याचा पंप असे तिन्ही फिरवतो. म्हणून पाण्याचा पंप, टेन्शनर आणि बेल्ट एकत्रच बदलावेत. पुढे पंपाचे बेअरिंग गेले किंवा त्यातून पाणी गळू लागले, तर नवा बेल्ट पुन्हा उतरवावा लागतो. कॅमच्या पुलीच्या भोकातून हेडमध्ये जाणारी पिन आणि क्रँक टेकवण्याची पिन, अशा दोन्ही पिना मेकॅनिककडे आहेत का, हे आधी विचारा. क्रँकचे टोक, पुलीचा आतला भाग आणि टेकण्याच्या बाजू पूर्णपणे तेलमुक्त पुसल्या आहेत, हे शक्य असेल तर स्वतः पाहा. तिथे तेलाचा थर राहिला तर पकड कमी होते, आणि घाटात इंजिन ब्रेकिंग करताना क्रँकवर दोन्ही दिशांनी भार येत असतो.

रोज घाट करणाऱ्या गाडीला किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा पाळावी. रबर वयानेही थकते.

आंबेवाडी_काठ

एक वेगळा प्रश्न. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या आंबेवाडी-चिखली भागात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच गाड्या धुऊन, तेल बदलून पुन्हा चालू केल्या गेल्या. अशा गाडीच्या बेल्टचे काय होते? आमच्या गल्लीतल्या एका मारुती ८०० चा बेल्ट नंतर काही महिन्यांनी दाते सोडून सरकला, तेव्हा बेल्ट जुना झाला असेल असे सगळ्यांनी मानले. त्यात तीन सिलिंडर असल्यामुळे कॅम हलवताना काही वेगळी काळजी लागते का, हेही सांगावे.

उद्यमनगर_मेस्त्री

ताई किंवा दादा, हा प्रश्न आपल्या भागासाठी फार मोलाचा आहे. बेल्टचे खालचे कव्हर पाणी पूर्ण अडवत नाही. पंचगंगेचा गाळ अत्यंत बारीक असतो. तो आत शिरतो, वाळतो आणि क्रँकच्या पुलीच्या दोन दात्यांमधल्या खोलगट जागेत दबून घट्ट बसतो. मग बेल्टचा दाता पूर्ण खोल बसत नाही, बेल्ट जागोजागी उचलला जातो, जास्त ताणला जातो आणि एखाद्या जोराच्या झटक्याला दाता ओलांडतो. टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये गाळ गेला असेल तर ते खरखरू लागते आणि कधीतरी जाम होते. बेल्ट जुना होता म्हणून सरकला हे शक्य आहे, पण पुराच्या गाडीत आधी दात्यांमधला गाळ पाहावा. पाणी क्रँकच्या पुलीपर्यंत आलेल्या कोणत्याही गाडीचे खालचे कव्हर उघडून, पुल्या तारेच्या ब्रशने नव्हे तर नायलॉनच्या ब्रशने साफ करून, बेल्ट आणि टेन्शनर बदलूनच ती चालवावी.

तीन सिलिंडरचा मुद्दा नीट समजून घ्यावा. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँक टॉपपासून पाव फेरा, म्हणजे ९० अंश मागे नेला, की चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्याजवळ येतात. त्या स्थितीत उडालेला कॅम हळूहळू फिरवून खुणेवर आणता येतो, कारण कोणताही व्हॉल्व्ह पिस्टनला गाठू शकत नाही. नंतर क्रँक तेवढाच पाव फेरा पुढे आणून टॉपला लावायचा. हीच युक्ती मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोला लावली तर फसते. तिथे क्रँकच्या बोटांमध्ये (पिस्टनचे दांडे जिथे जोडतात त्या भागांमध्ये) १२० अंशांचे अंतर असते, त्यामुळे एक नंबर ९० अंशांवर नेला की दुसरा एक पिस्टन टॉपपासून फक्त ३० अंशांवर येतो. तीन सिलिंडरमध्ये क्रँक टॉपपासून ६० अंशांवर ठेवावा. मग दोन पिस्टन टॉपपासून ६० अंशांवर आणि तिसरा अगदी तळाला असतो. ६० अंशांवर पिस्टन स्ट्रोकच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक खाली गेलेला असतो, आणि ७२ मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनात ते अंतर व्हॉल्व्हच्या उघडण्यापेक्षा बरेच जास्त आहे.

सिटी_९८

माझ्याकडे होंडा सिटीची पहिली पिढी आहे आणि धाग्यातल्या पद्धतीने काम करण्याचा विचार आहे. काही वेगळे?

उद्यमनगर_मेस्त्री

दिशा वेगळी आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. बेल्टच्या बाजूने पाहिले असता बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. त्या सिटीचे इंजिन उलट्या दिशेने फिरते. ताणाची बाजू आणि सैल बाजू त्यामुळे बदलतात, आणि हाताने द्यायचे फेरेही उलट्याच दिशेने द्यायचे असतात. इतर गाड्यांच्या सवयीने फिरवले तर सैलपणा चुकीच्या बाजूला जमा होतो.

शाहूपुरी_सारथी

शेवटची शंका. माझ्या एका सहकाऱ्याच्या फिएस्टाचा बेल्ट दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजात बदलला आणि तेव्हापासून स्कॅनरवर पी ००१६ हा कोड येतो. सेन्सर बदलून झाला, तरी कोड जात नाही.

उद्यमनगर_मेस्त्री

पी ००१६ चा अर्थ असा की क्रँकच्या आणि कॅमच्या सेन्सरचे संकेत एकमेकांशी जसे जुळायला हवेत तसे जुळत नाहीत. सेन्सर स्वतः खराब असेल तर बहुधा वेगळे कोड येतात, म्हणून सेन्सरवर आणखी खर्च करू नका. कोड बेल्टच्या कामानंतर आला असेल, तर आधी यांत्रिक टायमिंगच तपासावे. व्हॉल्व्ह कव्हर काढा, पिन लावा, क्रँक पिनेला टेकवा आणि पट्टी सरकवून पाहा. एकाच कॅममध्ये पट्टी जात नसेल, तर त्या कॅमची पुली आवळताना फिरली आहे. दोन्ही कॅम आपसात एका रेषेत असून पट्टी हेडवर सपाट टेकत नसेल, तर दोष खाली आहे : क्रँकचा बोल्ट पुरेसा आवळलेला नाही, जुनाच वापरला आहे, किंवा आवळताना क्रँक पिनेवरून मागे गेला होता. तसे असेल तर गाडी तिथपर्यंत चालवत आणू नका, टो करून आणा. ती खालची पुली आणखी सरकू शकते, आणि या वेळी नुकसान फक्त दिव्यापुरते आहे.